विमानाचा दीड तास

मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न आपल्या वस्तीत कुणालाही विचारा. जो विमानात बसला आहे तोही आणि जो आयुष्यात कधी बसला नाही तोही एकच उत्तर देतो, दीड तास. कंपनीच्या वेळापत्रकातही तेच छापलेले असते. एक तास तीस, एक तास पस्तीस, फार तर एक तास चाळीस मिनिटे. आकडा खोटा नाही. पण तो कशापासून कशापर्यंतचा आहे, हे कुणी विचारीत नाही आणि कुणी सांगतही नाही. मी लिपिक माणूस आहे. एखाद्या रकमेपुढे तपशील लिहिलेला नसेल तर ती रक्कम मला पुढच्या पानावर नेता येत नाही. म्हणून या दीड तासाचा तपशील आज वाचक बंधू-भगिनींसमोर मांडतो आहे. हौसेच्या प्रवासाला तासभर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. पण आपल्या घरातला माणूस विमानाचे तिकीट केव्हा काढतो? बहुतेक वेळा कुणीतरी अत्यवस्थ असते किंवा गेलेले असते, तेव्हाच काढतो. तिथे तास मोजूनच सांगावा लागतो.

आधी अंतराचे पाहू. मुंबई ते नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूला पूर्ण झाला. आणि आकाशातून सरळ रेघ मारली तर दोन्ही विमानतळांमध्ये साधारण ६८० ते ६९० किलोमीटर अंतर आहे. म्हणजे तीच दोन शहरे आणि आकडे तीन. रेल्वेचा आकडा मोठा का, तर तिला कसाऱ्याहून इगतपुरीला थळ घाट चढावा लागतो. तिथे गाडीला मदतीची इंजिने जोडतात, हे आपण सर्वांनी खिडकीतून पाहिलेलेच आहे. पुढे ती मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी वरच्या अंगाने वळसा घेत जाते. नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-नागपूर रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगर, जालन्याच्या जवळून जाते. भुसावळ पार वर राहते. समृद्धी महामार्ग मात्र या पट्टीच्या आसपास चालतो, म्हणून त्याचा आकडा विमानाच्या आकड्याला जवळ आहे. मुलांना भूगोल शिकवताना हा खेळ जरूर करून घ्यावा. पट्टी, नकाशा आणि प्रमाण, एवढेच साहित्य लागते.

आता वेळेचे पाहू. मोठे जेट विमान वर गेल्यावर तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने जाते. मग ६८० किलोमीटरला पन्नास मिनिटे पुरायला हवीत. दीड तास का लागतो? कारण विमानाची वेळ ते जमिनीवरून उचलल्यापासून धरीत नाहीत. दरवाजा बंद होऊन विमान जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी ते जागेवर येऊन थांबते तेव्हा घड्याळ बंद होते. मधल्या काळात ते धावपट्टीपर्यंत रांगत जाते. मुंबईत तर रांगेतच उभे राहते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एका पट्टीवर दिवसाला नऊशेच्या आसपास विमाने चढतात-उतरतात. म्हणजे दादरच्या एका फलाटावरून सगळ्या लोकल सोडाव्यात तसा प्रकार. शिवाय वर चढायला वीसेक मिनिटे आणि खाली उतरायला तितकीच किंवा थोडी जास्त लागतात. त्या काळात पूर्ण वेग नसतो. नागपूरसारख्या जवळच्या गावाला पुऱ्या वेगाने जायला मिळते ते जेमतेम अर्धा तास. शिवाय कंपन्या वेळापत्रकात दहा-पंधरा मिनिटे पदरची घालून ठेवतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान वेळेवर पोहोचले असे लिहिता येते. ही गोष्ट मला आवडली. आमच्या कार्यालयातही अंदाजपत्रकात ‘किरकोळ’ म्हणून एक रकाना असतोच.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला पाठीमागून ढकलणारा वारा मिळतो आणि परत येताना तोच छातीवर येतो. जाण्या-येण्याच्या छापील वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसतो तो यामुळे.

हा सगळा दीड तास झाला. पण माणूस विमानतळावर राहत नाही.

आमच्या अंबरनाथच्या वस्तीतील एका ताईंचा अनुभव सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांची आई विदर्भात वारली. भावाने फोनवर विचारले, कधी येतेस? ताई रडत होत्या. शेजारच्या एका शिकलेल्या मुलाने फोन हातात घेऊन सांगितले, विमानाने दीड तास लागतो, बारापर्यंत पोहोचतील. तिकडे सर्वांनी बाराची वेळ धरली. एक वाजला, दीड वाजला. उन्हाने लोक हैराण झाले, गावाकडून आलेल्यांची परतीची गाडी चुकत होती. शेवटी दोनच्या सुमारास त्यांनी प्रेत उचलले. ताई सव्वातीनला घाटावर पोहोचल्या तेव्हा चितेला अग्नी देऊन झाला होता. विमान एक मिनिटही उशिरा आलेले नव्हते. त्या मुलाचाही दोष म्हणता येत नाही, त्याने वेळापत्रकात होते तेच सांगितले. ताईंनी भावाशी पुढे वर्षभर बोलणे टाकले होते. भाऊ म्हणायचा, तूच बारा म्हणालीस. ताई म्हणायच्या, तुम्हाला घाई झाली होती. दोघांच्या मध्ये तो दीड तास बसलेला होता.

ही हकिकत माझ्या डोक्यात पक्की बसली होती, म्हणून पुढे आमच्या घरावर तशी वेळ आली तेव्हा कामी आली.

मे २०२३ मध्ये माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नागपूरला इंदोऱ्यात कालकथित झाली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आतेभावाचा फोन आला. माझे वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गुडघे गेलेले, काठीशिवाय चालता येत नाही. वडील सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. बारा वर्षांच्या बहिणीने त्यांना वाढवले. तिने भाकरी थापायची आणि याने शाळेत जायचे, असे ठरलेले. त्यामुळे ती स्वतः सही करण्यापुरतेच शिकली आणि वडील सातवी पास होऊन १९६५ साली मुंबईच्या गिरणीत लागले. भावंडांपैकी तेवढे दोघेच उरले होते. फोन ठेवल्यावर वडील एवढेच म्हणाले, “मले तिचं तोंड पाह्यचं आहे.” दुसरे काही नाही.

रेल्वेचा विचार पहिल्यांदा केला. आम्हाला कल्याण जवळ आणि नागपूरच्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात. तेरा-चौदा तासांचा प्रवास. पण सोयीच्या गाड्या दुपारनंतर आणि रात्रीच्या, म्हणजे पोहोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. मे महिन्याची गर्दी, आरक्षण नाही, आणि म्हातारा माणूस. तिकडे नागपूरचे ऊन. शीतपेटी भाड्याने आणली होती, पण वीज जाते-येते, बर्फाच्या लाद्या मागवाव्या लागत होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणे शक्य नव्हते आणि तसे सांगणे मला बरेही वाटले नाही. विमानच हवे. दुपारी बारा चाळीसचे मिळत होते. दोघांच्या तिकिटाचे जवळजवळ अठरा हजार रुपये झाले. आयत्या वेळचे तिकीट महागच असते. आमच्या विहाराच्या मंडळात अडीअडचणीसाठी दरमहा वर्गणी जमा करून ठेवतात. त्यातून कोषाध्यक्षांनी अर्ध्या तासात दहा हजार रुपये आणून दिले. पावती मीच लिहिली. पुढे सहा हप्त्यांत परत केले.

आतेभावाला वेळ सांगायची होती. मी कागद घेतला. साडेआठला निघायचे. शिळफाटा, ऐरोली मार्गे सकाळच्या वाहतुकीत विमानतळाला सव्वादोन तास. पावणेअकरा. सामानाची खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होते आणि शेवटचा दरवाजा पंचवीस मिनिटे आधी, म्हणून लवकर जाणे भाग. बारा चाळीसला सुटणे, दोन पंधराला उतरणे. वडिलांना चाकांच्या खुर्चीतून न्यायचे म्हणजे सर्वांत शेवटी बाहेर पडणार, अडीच-पावणेतीन. सोनेगाव ते इंदोरा म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, चौदा-पंधरा किलोमीटर. पाऊण तास. साडेतीन. त्यात अर्धा तास ‘किरकोळ’. मी सांगितले, “भाऊ, चार वाजता आम्ही दारात असू.”

तिकडून आवाज चढला. “दीड घंट्याचं तं विमान हाय, मंग चार कायले वाजते? इथं लोक दुपारी एकले न्यायचं म्हणून राह्यले.”

मी म्हटले, “भाऊ, दीड घंटा विमानाचा आहे. आमचा नाही. मी सगळे मांडून सांगतो आहे. चार म्हणजे चार. साडेचारला उचला, त्याच्या आधी नको. आणि चारला आम्ही दिसलो नाही तर आमच्यासाठी थांबू नका, बाबांना मी समजावतो.”

हे शेवटचे वाक्य बोलणे जड गेले. पण ते बोलल्यावर भाऊ शांत झाला. काटोल, उमरेडकडून माणसे आली होती, त्यांना संध्याकाळी परतायचे होते. भावाने प्रत्येकाला जाऊन सांगितले की साडेचार पक्के. ज्यांना ऊन सोसत नव्हते ते शेजारच्या घरांत पाठ टेकून आले. वेळ पक्की कळली की माणसे थांबतात. थांबण्याचा त्रास होतो तो वेळ माहीत नसते म्हणून, हे मी रेशनच्या रांगेपासून दाखल्यांच्या रांगेपर्यंत सगळीकडे पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागली. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश रेखांशाइतके आहे. एका अंशाला चार मिनिटे या दराने तिकडे सूर्य वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. मे महिन्यात मुंबईत सातच्या पुढेही उजेड असतो म्हणून आपण निर्धास्त असतो. नागपुरात तोवर अंधारून आलेले असते. घाटावरची कामे उजेडात व्हावीत असे सगळ्यांनाच वाटते. जुन्या माणसांना कदाचित आठवत असेल, मुंबई शहरात १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ चालत होती. ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. तेव्हा तार करताना ‘मुंबई वेळ’ की ‘प्रमाणवेळ’ असे स्पष्ट करावे लागत असेल. ती एक कटकट तरी मिटली.

विमानतळावर वडिलांची काडेपेटी काढून घेतली. काडेपेटी आणि लायटर नेऊ देत नाहीत. तंबाखूची चंची राहू दिली. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागितली होती, तिला पैसे पडत नाहीत. आपल्या वृद्धांना ही सोय मागायला संकोच वाटतो, तो ठेवू नये. ओळखपत्र मूळ प्रत लागते. आधार कार्ड चालते. हे सगळे नीट झाले. मात्र बारा चाळीस उलटून गेले तरी विमान हलेना. एक पाचला ते हलले. पंचवीस मिनिटे उशीर. मग धावपट्टीच्या रांगेत आणखी पंधरा मिनिटे. वडील घड्याळाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. मी अर्धा तास पदरचा धरला आहे हे त्यांना दोनदा सांगितले.

उड्डाण झाले आणि खिडकीतून खाली समुद्र दिसला. वडील दचकून म्हणाले, “अरे, नागपूर तं तिकडं. हा उलटा चालला!” मी म्हटले, बाबा, विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते. मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून ते जुहूच्या बाजूने समुद्रावर चढते आणि मग वळून पूर्वेला येते. पतंग उडवताना आपण वाऱ्याकडे तोंड करून धावतो तसेच. थोड्या वेळाने विमान वळले आणि खाली पुन्हा जमीन आली तेव्हा त्यांनी काठी पायाजवळ नीट ठेवली.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तिचं पत्र इमानानं ये. मी तं आज बसून राह्यलो.”

हे खरे आहे आणि तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून हा मान त्याला मिळाला. ही सेवा १९७३ पर्यंत चालू होती. आमची आत्या शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची, खाली स्वतः सही करायची. ते पत्र रात्री नागपूरहून उडायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वडिलांच्या चाळीत यायचे. वडील मात्र तिला भेटायला जायचे ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, अंगावर कोळशाची भुकटी घेऊन. १९८२ च्या संपात गिरणी गेली, त्यानंतर काही वर्षे तेही जमले नाही. आत्या कधी विमानात बसली नाही.

दोन पंचवीसला चाके नागपूरच्या जमिनीला लागली. अडीचला विमान जागेवर थांबले. म्हणजे पंचवीस मिनिटे उशिरा सुटूनही ते पंधराच मिनिटे उशिरा पोहोचले. वेळापत्रकातला ‘किरकोळ’चा रकाना तिथे खर्ची पडला. बाहेर भाचा चारचाकी घेऊन उभा होता. तीन चाळीसला आम्ही इंदोऱ्यात दारात होतो.

वडिलांना दोघांनी धरून आत नेले. लोक बाजूला झाले. त्यांनी आत्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आतेभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, “तू चार म्हनला होता.” मी काही बोललो नाही. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि साडेचारला आत्याला उचलले. पहिल्या खांद्याला वडील उभे राहू शकत नव्हते, म्हणून त्यांचा हात तिरडीच्या बांबूवर ठेवून चार पावले चालवले. घाटावर सगळे उजेडात झाले.

पुढे पुण्यानुमोदनापर्यंत आम्ही तिथेच राहिलो. एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा मी तो कागद पुन्हा काढला. साडेआठ ते तीन चाळीस, सात तास दहा मिनिटे, म्हणजे ४३० मिनिटे. त्यांतील हवेत गेलेली ६५. घरापासून घरापर्यंत धरले तर विमानाच्या प्रवासाचा वेग ताशी साधारण ९५ किलोमीटर पडला. चांगल्या रस्त्यावरची मोटारगाडी जाते तेवढा. रेल्वेचा त्याच रीतीने काढला तर साठच्या आत. म्हणजे विमान रेल्वेच्या दीडपट-दुप्पट जलद आहे, दहापट नाही. लोक दहापट समजून चालतात आणि तिथे फसगत होते.

वडील त्या दिवसांत जुने काहीबाही बोलत. १९५६ साली ते अकरा वर्षांचे होते आणि आत्याने त्यांना हाताला धरून १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर नेले होते. बाबासाहेब त्याआधी तीन दिवस, ११ ऑक्टोबरला, दिल्लीहून विमानाने नागपूरला आले होते. लोक मात्र पायी, बैलगाड्यांनी आणि मिळेल त्या रेल्वेने आले होते. कुणाला चार दिवस लागले, कुणाला आठ. दोनच महिन्यांनी, ७ डिसेंबरच्या पहाटे, बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानानेच मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर आले. दिल्ली-मुंबई हवेतले अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. आज दोन-सव्वादोन तासांचे ते काम, तेव्हाच्या पंख्यांच्या विमानांना त्याच्या दुपटीच्या आसपास लागे. विमान केव्हा उतरेल याचा नेम नसताना डिसेंबरच्या थंडीत माणसे रात्रभर तिथे उभी होती. नागपूरच्या विमानतळाला आज बाबासाहेबांचे नाव आहे. आम्ही परत निघालो तेव्हा त्या पाटीसमोर वडिलांना उभे राहायचे होते, पण आम्ही रेल्वेने चाललो होतो. परतीला घाई नव्हती आणि अठरा हजारही नव्हते. मग आतेभावाने त्यांना आदल्या दिवशी मेट्रोने नेऊन आणले. २०२२ च्या डिसेंबरपासून इंदोरा चौक आणि विमानतळ हे एकाच मार्गिकेवर आले आहेत. विमानतळाचे मेट्रो स्थानक प्रत्यक्ष इमारतीपासून थोडे दूर आहे, हातात जड सामान असेल तर रिक्षा करावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

परत आल्यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. वस्तीतील पुष्कळ कुटुंबांची मुळे विदर्भात, मराठवाड्यात आहेत. अशी वेळ कुणावरही येते आणि त्या वेळी कुणाचे डोके ठिकाणावर नसते. म्हणून विहाराच्या फलकावर एक तक्ता लावला आहे. त्यात नागपूरसाठी विमान, रेल्वे आणि रस्ता असे तीन रकाने आहेत. घरातून निघण्यापासून तिकडच्या दारात पोहोचेपर्यंतची एकूण वेळ मोठ्या अक्षरात आणि विमानाची छापील वेळ बारीक अक्षरात. त्या ताईंनीच तो रंगवला. त्यांच्या भावाशी त्या आता बोलतात. तक्त्याचा फोटो त्यांनी त्याला पाठवला होता, तेव्हापासून.

तक्त्याखाली मंडळातील दोघांचे फोन नंबर लिहिले आहेत. तिकडच्या नातेवाइकांना वेळ त्यांनी सांगायची, घरच्यांनी नाही. रडणाऱ्या माणसाच्या हातात फोन देऊ नये, असे आमचे ठरले आहे. आतापर्यंत पाच कुटुंबांना त्याचा उपयोग झाला. एकदा विमान दोन तास रखडले तेव्हा आमच्या कार्यकर्त्याने विमानतळावरून कळताक्षणी तिकडे फोन केला आणि तिकडच्यांनी थांबायचे की नाही ते वेळेवर ठरवले. ते थांबले नाहीत. पण नंतर कुणी कुणाला दोष दिला नाही.

आता त्या तक्त्यात दुरुस्ती करायची आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने सुटू लागली. अंबरनाथ, बदलापूर, कल्याणकडच्या माणसाला ते जुन्यापेक्षा जवळ आहे. ऐरोलीचा पूल आणि पुढची मुंबई टळते. म्हणजे घरापासूनच्या वेळेत बराच फरक पडायला हवा. किती, ते नकाशावरून सांगण्यात अर्थ नाही. मंडळातील एक रिक्षावाले बंधू एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घड्याळ लावून जाऊन येणार आहेत. शिळफाट्यापर्यंतची कोंडी तीच आहे, ती कुठल्याच विमानतळाने टळत नाही. त्यांनी आकडे आणले की ताई नवा रकाना रंगवतील.